संपादकांचं दुसरं लग्न

आमचे संपादक लिहिताना बाईच्या आवाजात बोलायचे. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. टेंभी नाक्याजवळच्या त्या छापखान्यात मी नोकरी मागायला गेलो, तर दारातच आतून आवाज आला, "आधी पाय धुऊन या, मग प्रेमाचं बोला!"

नवराबायकोच्या भांडणात आपण कशाला, म्हणून मी आल्या पावली वळलो. छपाईचे खिळे जुळवणारा कारागीर हसला. "अहो, जाता कुठे? आत बाई कोणी नाही. संपादक आहेत. आज त्यांची नायिका रागावलीय."

मी भीत भीत डोकावलो. चाळिशीला टेकलेला, भरदार मिशांचा एक गृहस्थ उघड्या अंगाने, डोक्याला उपरणं गुंडाळून, कमरेवर हात ठेवून रिकाम्या खुर्चीला झापत होता. झापून झाल्यावर तो स्वतःच त्या खुर्चीत जाऊन बसला आणि बापड्या नवऱ्याच्या आवाजात म्हणाला, "पाय धुतले, तर प्रेम थंड होईल." मग स्वतःच खो-खो हसून त्याने ते लिहून काढलं. लेखणी थांबवून त्याची नजर माझ्याकडे वळली.

"तू सांग. नवऱ्याने इथे रडावं की शिंकावं?"

मी गोंधळून म्हणालो, "शिंकावं."

"उद्यापासून ये."

अशी माझी नोकरी सुरू झाली. मुद्रितं तपासायची, बातम्या आणायच्या, आणि संपादक बाईच्या आवाजात असताना कोणी सभ्य माणूस भेटायला आला तर त्याला ओट्यावर थोपवून धरायचं.

ती आगगाडीची नवलाई ओसरत चाललेली वर्षं. ठाण्यात कचेऱ्या, कोर्ट, तुरुंग, सगळं होतं; वर्तमानपत्र मात्र आमचं एवढंच, आठवड्याला चार पानांचं. पहिल्या पानावर संपादक गावाची कड घेऊन भांडत. तुंबलेली गटारं, मिठावरचा कर, कचेरीतली चिरीमिरी, कशालाही सोडत नसत. शेवटच्या पानावर त्यांची कादंबरी क्रमशः येई. ती प्रेमाची असे आणि हसवणारी असे. लोक शेवटच्या पानासाठी पत्र घेत हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. "असू दे रे," ते म्हणत, "शेवटच्या पानाकडे जाताना पहिल्या पानाला हात तर लागतो!"

बातमी आणायला ते स्वतः पायी हिंडत. एकदा मी त्यांच्याबरोबर खाडीकाठच्या मिठागरावर गेलो होतो. कराची माहिती घेऊन झाली आणि त्यांनी डोक्यावर पाटी घेतलेल्या एका बाईला सरळ विचारलं, "बाई, तुमच्याकडे नवरा-बायको एकमेकांवर प्रेम कसं करतात?"

मी चार पावलं मागे सरलो. आता पाटी यांच्या डोक्यात पडते की काय, असं मला वाटलं. बाई मात्र थांबली, त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत बघून म्हणाली, "दादा, मिठाची पाटी डोक्यावर असली का नवऱ्याचा तोंड पन दिसत नाय. परेम कवा करायचा?"

बाकीच्या बाया हसल्या. संपादक हसले नाहीत. ते वाक्य शेवटच्या पानावर येणार अशी माझी खात्री होती. ते आलं पहिल्या पानावर, कराच्या लेखात अगदी वरती, बाईच्या तोंडी होतं तसंच. दुसऱ्याची बायको त्यांनी कधी हसण्यावारी नेली नाही, एवढं त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

त्यांच्या कादंबऱ्यांत दरवेळी नवं जोडपं असे. नावं बदलत, गाव बदले, पण बाई एकच असे. चटकन बोलणारी, भांड्यांशी, झाडांशी, देवाशीही हुज्जत घालणारी. आणि तो नवरा दिवसाढवळ्या तिच्याशी हसत बोले. त्या काळात हाच केवढा गहजब! नवरा आणि बायको चार माणसांत एकमेकांकडे बघतसुद्धा नसत. एक शास्त्रीबुवा काठी आपटत छापखान्यात आले होते. "आमच्या सुना बिघडताहेत," म्हणाले. संपादकांनी त्यांना बसवलं आणि न छापलेला पुढचा भाग वाचून दाखवला. शास्त्रीबुवा अंगावरचं उपरणं तोंडात कोंबून हसले आणि जाताना बजावून गेले, "पण हे वाईट आहे हो, फार वाईट आहे."

सगळ्यांत गाजलं ते मांजरीचं प्रकरण. त्यात नायिका मांजरीला मांडीवर घेऊन अंगाई म्हणते, तिला सांगते, "बाळा, दूध पी, बाबा कचेरीतून येतील हं." नवरा दाराआडून ऐकतो आणि मांजरीचा बाप झालो म्हणून आळीभर पेढे वाटत सुटतो. ते तपासताना माझ्या डोळ्यांतून पाणी आलं, हसून हसून. कोर्टातले वकील पुढे कितीतरी दिवस एकमेकांना "काय हो, मांजरीचे बाबा" अशी हाक मारत होते.

संपादकांच्या घरी माझं जाणं-येणं होतं. तिथे मी आणखी चकित होई. ज्या माणसाची नायिका एवढी बोलकी, त्याच्या घरात बाईचा आवाज म्हणून नव्हता. वहिनी, म्हणजे संपादकांची बायको, खाली मान घालून वाढत आणि आत जात. त्या शांततेत आवाज फक्त संपादकांच्या आईचा. त्यांचं एकच मागणं होतं.

"अरे, घराला दिवा नको का? तुझ्या मागून नाव कोण लावणार? दुसरं लग्न कर म्हणजे झालं. मी का तिला हाकलून दे म्हणतेय? राहील की तीही एका कोपऱ्यात."

हे वहिनींच्या समोर, त्या भात वाढत असताना. संपादक काहीतरी विनोद करून वेळ मारून नेत.

आणि मग एका आठवड्यात आमच्याच पत्रात, पहिल्या पानावर, ठळक खिळ्यांत मजकूर आला: संपादकांचे लग्न अमुक तिथीस कल्याण मुक्कामी तळ्याकाठच्या देवळात होणार असून वाचकांनी अगत्य यावे.

मुद्रित माझ्या हातात आलं तेव्हा मी ते दोनदा वाचलं. मग तसाच त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो.

"हे खरं आहे?"

"छापलंय म्हणजे खरंच असणार. आपण खोटं छापतो का?"

"आणि वहिनी?"

"ती माहेरी गेलीय कल्याणला. तिलाही आमंत्रण आहे." आणि ते हसले. त्या हसण्याची मला शिसारी आली. जन्मभर ज्याने प्रेमावर लिहिलं, तो माणूस बायकोच्याच गावात सवत आणायला निघाला होता आणि वर हसत होता. घरी येऊन हे सांगितलं तर माझ्या बायकोने हातातलं पीठ तसंच परातीत टाकलं. माझी बायको आणि वहिनी यांचं मेतकूट जमलं होतं. दुपारची कामं आटपली की वहिनी आमच्या मागच्या पडवीत येऊन बसत. त्या दोघी तिथे काय करतात हे मी कधी विचारलं नव्हतं.

"मी येणार लग्नाला," बायको म्हणाली.

"कशाला? तमाशा बघायला?"

"वहिनी एकट्या असतील तिथे."

ठाण्याची बरीच मंडळी त्या दिवशी आगगाडीने कल्याणला गेली. कोणी संतापून गेली, कोणी मजा बघायला. संपादकांची आई मात्र मनापासून आनंदात होती. "मुलगी कल्याणचीच आहे, तुला आवडेल, एवढंच म्हणाला," असं त्या डब्यातल्या बायकांना सांगत होत्या.

देवळाच्या सभामंडपात अंतरपाट धरला गेला. एका बाजूला संपादक, मुंडावळ्या बांधून. दुसऱ्या बाजूला नवरी, शालीने चेहरा पार झाकलेली. तिच्या मागे मामाच्या जागी कोण उभं आहे ते पाहून मी चमकलो. तो वहिनींचा सख्खा भाऊ होता. बहिणीच्या सवतीच्या मागे तिचा भाऊ उभा राहतो? माझं डोकं चालेना. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, अंतरपाट बाजूला झाला आणि संपादकांनी हात पुढे करून नवरीची शाल मागे सारली.

वहिनीच होत्या.

क्षणभर वाजंत्रीवालासुद्धा थांबला. मग कोणीतरी टाळी वाजवली, आणि हशा आणि टाळ्यांनी देऊळ दणाणलं. आता मला समजलं. आईला, जातीला, सगळ्या गावाला त्यांनी दिलेलं हे उत्तर होतं: लग्न पुन्हा करीन, पण हिच्याशीच करीन. भटजी ओरडत होते, "संस्काराची थट्टा चालवलीत?" आई खांबाला टेकून खाली बसल्या होत्या. आणि मी, तो माणूस थोर आहे असं मनाशी म्हणत, डोळे पुसत होतो.

संपादक हार घालून घ्यायला मान वाकवून उभे होते. मान तशीच राहिली. हार वहिनींच्या हातातच होता.

हळूहळू हशा विरला.

"घाल ना गं," संपादक हळूच म्हणाले.

आणि मी त्या बाईचा आवाज पहिल्यांदा नीट ऐकला. अजिबात चढा नव्हता. "मला विचारलंत का?"

"अगं, काल तुझ्या दादाने तुला सांगितलं तेव्हा तू गप्प होतीस. मला वाटलं..."

"सांगितलं. विचारलं नाही. पहिल्या खेपेला मी लहान होते, तेव्हाही नाही विचारलं. आज एवढी माणसं बोलावलीत, छापून बोलावलीत. यांच्यापुढे मी पुन्हा तुमच्या गोष्टीतली बाई."

"कुठल्या गोष्टीतली?"

"मला वाचता येतं."

संपादकांचा चेहरा मला अजून दिसतो. भिंत अंगावर आल्यासारखे ते एक पाऊल मागे सरले. मी वळून माझ्या बायकोकडे पाहिलं. ती ताठ मानेने उभी होती. लग्नानंतर मी तिला अक्षर शिकवलं होतं, आणि आमच्याच पडवीत तिने ते वहिनींना शिकवलं होतं. आमच्या दोघांच्या घरात एवढी मोठी गोष्ट घडत होती आणि आम्ही दोघं, बातम्या विकून खाणारे, आम्हाला तिचा पत्ता नव्हता.

"सगळं वाचलं," वहिनी सांगत होत्या. "मी पाय धुवा म्हणाले, तेही आलं. तापात बरळले, तेही आलं. त्याचं काही नाही. पण मांजरीशी मी काय बोलते त्यावर सगळं ठाणं हसलं. मी तिच्याशी का बोलते, ते तुम्ही लिहिलं नाहीत."

नंतर बायकोने मला सांगितलं तेव्हा मला कळलं, की पुष्कळ वर्षांपूर्वी वहिनींना याच गावी, भावाच्या घरी, मुलगा झाला होता. बारशाच्या आधीच तो गेला. त्याचं नाव ठेवायचं राहिलं. त्यानंतर सासरी त्याच्याविषयी कोणी कधी बोललं नाही. बोललं गेलं ते फक्त वांझपणाविषयी.

संपादकांचे ओठ हलत होते. शंभर जोडप्यांना संवाद पुरवलेल्या त्या माणसाला एक वाक्य सापडेना. शेवटी म्हणाले, "आता विचारतो. येशील का?"

वहिनींनी हार पाटावर ठेवला. "विचार करून सांगते," म्हणाल्या, आणि भावाच्या घरची वाट धरली. माझी बायको त्यांच्याबरोबर गेली.

त्या आठवड्यात पत्राच्या शेवटच्या पानावर कादंबरी नव्हती. चारच ओळी होत्या. या पत्रातून आजवर जी नायिका बोलत आली तिची संमती घेतलेली नव्हती. तिची जाहीर माफी मागून ही कादंबरी इथेच बंद करीत आहे. खाली संपादकांची सही.

देवळातल्या प्रकारापेक्षा गाव याने जास्त हादरलं. नवऱ्याने बायकोची माफी मागायची? तीही छापून? शास्त्रीबुवा पुन्हा आले, पण या खेपेला बसले नाहीत. जातीने संपादकांना पंक्तीतून उठवलं. आई थोरल्या मुलाकडे निघून गेल्या. वाचकांचा संताप निराळाच; त्यांना कादंबरीतल्या जोडप्याचं पुढे काय झालं ते हवं होतं. रस्त्यात अडवून विचारायचे. संपादक म्हणायचे, "मलाही माहीत नाही हो."

त्यांनी पुन्हा एकही कादंबरी लिहिली नाही. पुढे कितीतरी वर्षं ते गटारांवर, करांवर, शाळांवर लिहीत राहिले, आणि तेही चांगलंच लिहीत. पण एवढा हसवणारा माणूस एकाएकी गप्प का झाला, असं लोक मला अजून विचारतात. ते पुरते गप्प झाले नव्हते. शेवटचं एक पान त्यांनी लिहिलं, ते मी पाहिलं आहे.

वहिनींचा निरोप भावाबरोबर आला होता. "मांजरीचं प्रकरण पुन्हा लिहा. या वेळी खरं."

मी त्या माणसाला महिनाभर त्या एका पानाशी झगडताना बघितलं. आता खोलीतून बाईचा आवाज येत नव्हता, कुठलाच आवाज येत नव्हता. लिहीत, मला दाखवत, आणि चार ओळींत कुठेतरी कोटी आलेली असे. मी बोट ठेवून दाखवी. ते कपाळाला हात लावत. "हात ऐकत नाही रे."

पान एकदाचं झालं. कल्याणला जाताना गाडीत ते आपण होऊनच बोलले. मुंब्र्याचा डोंगर खिडकीबाहेर होता आणि ते तिकडेच बघत होते. "त्या दिवशी मी खरंच दाराआड उभा होतो. ती मांजरीला बाळ म्हणाली आणि मला रडू फुटायला लागलं. पुरुषमाणूस, म्हणून हसलो. मग तेच हसू लिहून काढलं. लोक हसले तेव्हा बरं वाटलं. वाटलं, म्हणजे ते दुःखाचं नव्हतंच काही."

कल्याण आलं तसं त्यांनी अंगरख्यातलं पान चाचपून बघितलं.

भावाच्या घरी ओटीवर आम्हाला गूळ-पाणी मिळालं. संपादकांनी ते पान बाहेर काढलं आणि आतल्या दाराशी ठेवून ते परत जागेवर बसले. "छापलेलं नाही," म्हणाले. "आधी तुला विचारायला आणलंय."

वहिनी दाराशी बसल्या आणि वाचू लागल्या. ओळीखाली बोट धरून, सावकाश, ओठ हलवत. संपादक जमिनीकडे बघत होते. कोर्टात निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या माणसांच्या बातम्या मी पुष्कळ लिहिल्या, पण अशी वाट बघणारा माणूस मी पाहिला नाही.

वाचून झालं. वहिनींनी एका ओळीवर पुन्हा बोट ठेवलं. मग म्हणाल्या, "एक राहिलं."

"काय?"

"नाक."

संपादकांनी वर पाहिलं. त्यांचं नाक चांगलं ऐसपैस होतं; त्यांचे शत्रू त्याच्यावर श्लोक रचत.

"बाळाचं नाक तुमच्यावर गेलं होतं. एवढंसं तोंड, आणि त्यात ते एवढं नाक. सुईण म्हणाली होती, आधी नाक आलं, मागून मूल आलं. ते का गाळलंत?"

"विनोद नको, म्हणून गाळलं," संपादक चाचरत म्हणाले.

"तो विनोद नाही. तो आपला मुलगा आहे. तेवढं घाला."

पान परत घेऊन त्यांनी तिथेच मांडीवर ते वाक्य लिहिलं. लिहिताना त्यांच्या तोंडून हसू फुटलं, आणि हसता हसताच ते ओक्साबोक्शी रडू लागले. मी घाबरून वहिनींकडे पाहिलं. त्याही हसत होत्या, पदराने डोळे टिपत. आतून भावाची बायको धावत आली आणि उंबऱ्यातच थबकली. भरदुपारी, ओटीवर, परक्या माणसादेखत, नवरा-बायको एकमेकांकडे बघून हसताहेत आणि रडताहेत, असं दृश्य त्या घरानेच काय, मीसुद्धा कधी पाहिलं नव्हतं. मला तिथून उठून जावं असं वाटत होतं, आणि उठवत नव्हतं.

जरा शांत झाल्यावर मी, छापखान्याचा माणूस, सवयीने विचारलं, "मग हे या आठवड्यात घ्यायचं का?"

संपादकांनी वहिनींकडे पाहिलं.

वहिनींनी कागदाची घडी केली आणि ती कमरेला खोचली. "हे माझं," म्हणाल्या.

मग आत जाऊन त्या एक गाठोडं घेऊन बाहेर आल्या, भावाच्या पाया पडल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "चला. ठाण्याची गाडी कितीला आहे?"